दाजी, तुम्ही गाडीतच बसा

अमृतसरला आम्ही सुवर्णमंदिर पाहायला निघालो होतो. मेहुणा मात्र ट्रॅक्टर पाहायला निघालाय, हे चंदीगड मागे पडल्यावर उघड झालं. तो सांगलीकडे ऊस लावतो. त्याच्या लेखी माणसांच्या दोनच जाती: हिरवा जॉन डिअर ट्रॅक्टर असलेले आणि अजून न घेतलेले. मी तिसरा. यंत्रांशी माझी ओळख स्कूटरच्या किकपाशी संपते, म्हणून सासुरवाडीत कुठलंही काम निघालं की एकच हुकूम सुटतो, "दाजी, तुम्ही बसा."

जून संपत आला होता. दोन्ही बाजूंना भाताची लावणी. जिकडे पाहावं तिकडे स्वराज ट्रॅक्टर. मेहुण्याचा चेहरा उतरत चालला. "हिरवा कुठाय?" तो दर पाच मिनिटांनी विचारायचा. एक दिसला तेव्हा त्याने खिडकीतून हात हलवला. त्या सरदारजींनीही हलवला, बिचाऱ्यांनी.

पुढे रस्ता तुंबला होता. मोबाइलमधल्या नकाशातल्या बाईंनी आम्हाला शेतातल्या कच्च्या वाटेवर घातलं, बांध पाण्याने भुसभुशीत झालेला, आणि भाड्याची मोटार आमच्यासकट अगदी सावकाश, वडीलधाऱ्यांच्या पाया पडावं तशी, चिखलणी केलेल्या खाचरात उतरली. बायको म्हणाली, "झालं दर्शन." ड्रायव्हर उतरला, मेहुणा उतरला. मीही दार उघडलं. "दाजी, तुम्ही बसा. मागं वजन पाहिजे."

पहिला मदतीला आला तो अर्थातच स्वराजवाला. दोर बांधता बांधता त्याने अभिमानाने सांगितलं, हा इथलाच, मोहालीचा. आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेचा, पहिला स्वराज ७२४ बाहेर पडला १९७४ साली, परदेशी कंपनीची उसनवारी नाही. हे ऐकून 'वाहवा' म्हणायचं आणि गप्प राहायचं. मेहुणा म्हणाला, "लेकिन २००७ में महिंद्राने लिया ना? मतलब अब तो हमारे मुंबई का हुआ!"

माणसाने काही उत्तर दिलं नाही. दोर सोडला, व्यवस्थित गुंडाळला आणि निघून गेला. अजूनही मला त्याचंच बरोबर वाटतं.

गाडीतला एसी बंद, बाहेर चाळीसच्या घरातलं ऊन, आत वजन म्हणून मी. एव्हाना बांधावर दहा-बारा मंडळी जमली होती आणि मेहुण्याचं व्याख्यान रंगात आलं होतं, सांगलीच्या हिंदीत. आमच्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या भरून कारखान्याला न्यायच्या, तिथे जॉन डिअरच; पुण्याजवळ सणसवाडीला बनतो. नाशिककडच्या द्राक्षवाल्याला तोच फुकट दिला तरी नको, त्याला वेलींच्या दोन ओळींतून अंग चोरून जाणारा बुटका हवा. सौराष्ट्रात त्याहून चिमुकले, खास राजकोटचे. तामिळनाडूत लाल मॅसी, कारण तो बनवणारी टॅफे चेन्नईचीच. एका म्हाताऱ्याने मधेच तोडलं: हे सगळं ठीक, पण ऐन हंगामात ट्रॅक्टर बसला तर तासाभरात येईल असा मिस्त्री ज्या कंपनीचा, तीच कंपनी चांगली. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. ट्रॅक्टरबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात शहाणं वाक्य ते हेच, आणि ते ऐकताना माझे बूट पाण्यात होते.

दुसरा ट्रॅक्टर आला. त्याची कंपनी सांगत नाही, मला पुन्हा पंजाबात जायचंय. मेहुण्याने "मी बांधतो" म्हणत दोर बंपरला बांधला. ट्रॅक्टरने झटका दिला. बंपर गेला, आम्ही राहिलो. ड्रायव्हर रडवेला होऊन बंपरमागे धावला. बायकोने कपाळाला हात लावला. मी बसूनच होतो, ठरल्याप्रमाणे.

मग तो मिस्त्रीवाला म्हातारा उठला आणि घरून आपला घेऊन आला: एचएमटी ५९११. रंग उडालेला, सीटवर गोणपाट. बांधावरची पोरं एकदम सरळ उभी राहिली. पंजाबात या आकड्याला देवाच्या खालोखाल मान. पंजाबी गायक सिद्धू मूसेवालाने आपल्या रेकॉर्ड कंपनीचं नावच ५९११ ठेवलं होतं, आणि २०२२ मध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली तीही त्याच्या लाडक्या ५९११ वरून. म्हाताऱ्याने गाडीखाली वाकून दोर स्वतः बांधला, मेहुण्याला हाताने बाजूला केलं आणि काचेतून माझ्याकडे पाहत म्हणाला, "आप बैठे रहो जी."

झटका नाही, आरडाओरडा नाही. धुराचा एक लोट, आणि आम्ही वर.

मेहुण्याने पैसे पुढे केले. म्हाताऱ्याने घेतले नाहीत. थोडं घुटमळून त्याने विचारलं, तुमच्याकडे भंगारात कुठे एचएमटी पडलाय का? हायड्रॉलिकचा पंप हवाय. मूळ घराणं झेक कंपनी झेटरचं, पिंजोरचा कारखाना सरकारी, आणि २०१६ मध्ये सरकारनेच तो बंद करायचं ठरवलं. तेव्हापासून एका मेलेल्यातून काढायचं आणि दुसऱ्या जिवंतात बसवायचं. आता इथे मेलेलेही संपत आलेत, म्हणाला. मेहुणा पहिल्यांदाच काही बोलला नाही. त्याने नंबर लिहून घेतला, मग पंपाजवळ बसून तीन-चार बाजूंनी फोटो काढले.

सुवर्णमंदिर सुंदर आहे. वाघा सीमेवर दोन्हीकडचे जवान पाय कपाळापर्यंत नेत होते, तेव्हा मेहुणा माझ्या कानात ओरडला, "दाजी, पलीकडं लाहोरात मिल्लत म्हणून कंपनीय. मॅसी बनवती!" पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून आमच्याकडे संशयाने पाहिलं.

रात्री हॉटेलच्या बोळात त्याने मिरजेच्या भंगारवाल्याला फोन लावला. पंप निघाला. पण भंगारवाल्यालाही मत होतंच. कशाला तो जुना डबा सांभाळतोय म्हातारा, विकून टाक म्हणावं, हिरवा घे म्हणावं.

"तुला काय कळतंय रं एचएमटीतलं?" मेहुणा एवढ्याने ओरडला की शेजारच्या दोन खोल्यांची दारं उघडली. मी त्याच्या हातून फोन घ्यायला उठलो.

"दाजी, तुम्ही बसा!"