झेंडा भाड्याने देणे आहे

जहाजांनी समुद्रात तेल आणि घाण सोडू नये म्हणून जगातल्या देशांनी १९७३ साली ‘मार्पोल’ करार केला, १९७८ मध्ये त्याला पुरवणी जोडली आणि १९८३ पासून तो लागू झाला. करार भलताच काटेकोर आहे. इंजिनरूमच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी गाळूनच बाहेर सोडायचं, गाळलेल्या पाण्याच्या दहा लाख भागांत तेलाचे १५ च भाग चालतील, आणि दर वेळी ऑइल रेकॉर्ड बुकात नोंद करून अधिकाऱ्याने खाली सही ठोकायची. बांगड्यांनी निर्धास्त व्हावं अशी ही तजवीज. फक्त किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्रात कोणी नियम मोडला, तर त्याची मानगूट धरायची प्रामुख्याने जहाजावर ज्याचा झेंडा आहे त्या देशाने. आणि झेंडा भाड्याने मिळतो.

लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटं या तिघांच्या झेंड्याखाली जगातल्या जहाजांची ४० टक्क्यांहून अधिक वहनक्षमता आहे. लायबेरियाचं नोंदणी कार्यालय चालतं अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून. मार्शल बेटांचंही तिथूनच. मंगोलियाला समुद्रच नाही, पण जहाजनोंदणी आहे, आणि ती सिंगापुरातून होते. (गडचिरोलीने अजून अर्ज कसा केला नाही?) १९८२ चा सागरी कायदा म्हणतो की जहाज आणि झेंडा यांच्यात खराखुरा संबंध असावा. संबंध आहेच की: दरवर्षीच्या फीचा. ज्याला दंड करायचा तोच आपलं गिऱ्हाईक, आणि फार कटकट केली तर ते उद्या शेजारच्या दुकानात जाणार. अशा वेळी कोणता दुकानदार काठी उगारेल?

यावर जाणकार सांगतात की मोठ्या नोंदण्या आता सुधारल्या आहेत. युरोपातल्या बंदरांच्या ‘पॅरिस करारा’च्या पांढऱ्या यादीत लायबेरियाही आहे आणि मार्शल बेटंही. खरं आहे. पण ती यादी बंदरं करतात, परक्या जहाजावर चढून तपासणी केल्यावर. १९७८ मध्ये लायबेरियाचा झेंडा मिरवणारं ‘अमोको कॅडिझ’ हे तेलवाहू जहाज फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या देशांना कळलं की झेंड्याच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही, आणि १९८२ मध्ये हा करार झाला. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. टँकरमधून मध्यम वा मोठ्या प्रमाणात तेल सांडण्याच्या घटना सत्तरच्या दशकात वर्षाला सरासरी ७९ च्या आसपास होत्या, त्या २०१० च्या दशकात सहाच्या घरात आल्या; मग बिघडलं कुठे? बिघडलं नाही, सुधारलंच. पण दुहेरी कवचाच्या टँकरची सक्ती आधी अमेरिकेने केली, १९९० मध्ये, आपला अलास्काचा किनारा काळा झाल्यावर. श्रेय काळ्या झालेल्या किनाऱ्याचं आहे.

शिवाय सांडणं वेगळं आणि सोडणं वेगळं. ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या बर्म्युडाच्या झेंड्याच्या प्रवासी जहाजाने २०१३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ तेलकट पाणी सोडलं, तेही गाळणीला बगल देणाऱ्या जास्तीच्या नळीतून. खलाशी तिला कौतुकाने ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. एका नवख्या इंजिनिअरने तोंड उघडलं म्हणून बिंग फुटलं. जहाजाच्या कंपनीला २०१७ मध्ये ४ कोटी डॉलरचा दंड झाला, तो अमेरिकेत, आणि त्या खटल्यातला एक मोठा आरोप होता खोट्या नोंदवहीचा. समुद्र नासवलात त्याचं बघू नंतर; वही घेऊन आमच्या बंदरात आलात, तेव्हा आकडे तरी खरे लिहायचे होते!

बंदरावरच्या तपासणीची मेखही इथेच आहे: जहाज बंदरात आलं पाहिजे. हिंदी महासागरातल्या देशांनी १९९८ मध्ये असाच तपासणीचा करार केला आणि त्याचं सचिवालय आहे चक्क गोव्यात. त्याच गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडावर डांबराचे गोळे येऊन पडतात, पायाला चिकटतात आणि रॉकेलशिवाय निघत नाहीत. आखातातून पूर्वेला निघालेला टँकर मुरगावला थांबतच नाही, मग सचिवालयाने तपासायचं काय, गोळे? गोळ्यावर झेंडा नसतो.

झेंडा आणि मालक यांची गाठ पक्की बांधायचा करारही १९८६ मध्येच लिहून झाला आहे. तो लागू व्हायला ४० देश हवेत आणि त्यांच्याकडे जगातल्या जहाजांची एकचतुर्थांश टनभार क्षमता हवी. तेवढी जहाजं ज्यांच्या नावावर आहेत, त्यात झेंडे भाड्याने देणारेच अव्वल. करार अजून लागू झालेला नाही.