लॉनची भांगलण

दारात गवत उगवणं ही आमच्या आजीच्या पिढीत घर ओस पडल्याची खूण होती. अंगण सारवायचं, सडा घालायचा, आणि कुठं हिरवं टोक दिसलं तर सुनेकडं बघायचं, असा रिवाज. गवताची जागा परड्यात, गंजीत किंवा म्हशीपुढं. त्याच घराण्यांतली आजची पिढी साताऱ्यात शाहूपुरीला नाहीतर सांगलीत विश्रामबागेत बंगला बांधते आणि आधी काय करते, तर दारात गवत लावते. तेही चौरस फुटावर पैसे मोजून. उरुळी कांचनच्या नर्सरीतून टेम्पो येतो, गवताच्या फरशा उतरतात, आणि संध्याकाळपर्यंत अंगणाचं लॉन होतं. महिनाभर यावर पाय ठेवू नका, असं टेम्पोवाला बजावून जातो. महिना झाल्यावरही तो ठेवायचा धीर होत नाही, ही गोष्ट वेगळी.

आमचं साताऱ्यातलं लॉन सहाशे चौरस फुटांचं, नर्सरीवाल्यांच्या भाषेत ‘मेक्सिकन’. साडूंचं सांगलीत, ‘सिलेक्शन नंबर वन’. सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून वेगळा निघाला आणि १९६० पर्यंत त्याचं नाव ‘दक्षिण सातारा’ होतं, हे मी त्यांना प्रत्येक लग्नकार्यात आवर्जून ऐकवतो. ते मला सांगलीच्या काळ्या मातीबद्दल ऐकवतात. लॉनच्या बाबतीत मात्र दोन्ही जिल्ह्यांचं दुःख एकच आहे. पैसे दिले ते गवत वाढत नाही, आणि वाढतं त्याचे पैसे कुणी मागत नाही.

पहिल्या पावसाबरोबर लव्हाळा येतो. तीन धारांची काडी, चकचकीत पान, आणि शेजाऱ्यांपेक्षा बोटभर उंच राहायची खोड. लेरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातल्या सर्वांत वाईट तणांवर एक जाडजूड ग्रंथ काढला, त्यात पहिला नंबर याचा. ९२ देशांत आणि ५२ पिकांत उपद्रव नोंदलेला. आमच्या आवारात जागतिक क्रमवारीत पहिला आलेला तो एकटाच, त्यामुळं उपटताना थोडं बिचकायला होतं.

उपटणं हेच तर त्याला हवं असतं. जमिनीखाली त्याच्या काळपट गाठी एकमेकींना धाग्यानं बांधलेल्या असतात. वरचा शेंडा जिवंत आहे तोवर साखळीतल्या बऱ्याच गाठी निजलेल्या. शेंडा ओढून काढला, धागा तुटला, की त्या जाग्या होतात. कर्ता पुरुष गेल्यावर सगळे भाऊबंद सातबारा घेऊन तलाठ्याकडं धावावेत, तसं. आणि गंमत अशी की हीच गाठ काष्ठौषधीच्या दुकानात ‘नागरमोथा’ म्हणून विकत मिळते. आषाढात शिव्या देत उकरून जी आपण कचऱ्यात टाकतो, तीच दिवाळीला उटण्यातून, पैसे देऊन, अंगाला चोळतो.

तुकोबांनी महापुरात तगून राहणाऱ्या लव्हाळ्याचा दाखला नम्रपणासाठी दिला. तुकोबांच्या निरीक्षणाबद्दल शंका घ्यायची माझी प्राज्ञा नाही. पण तो नदीकाठचा लव्हाळा होता, बंगल्यातला नव्हता. पुराचं म्हणणं मात्र साडूंनी पडताळून पाहिलेलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली, तेव्हा त्यांच्या कोल्हापूर रस्त्याकडच्या घरात पाणी होतं. ओसरल्यावर लॉनच्या जागी नुसता गाळ. फ्रीज गेला, दिवाण गेला, सिलेक्शन नंबर वन गेलं. गाळ वाळून भेगा पडल्या, आणि त्या भेगांतून पहिल्यांदा कोण वर आलं हे सांगायला नको. “पाहुणं, पंचनाम्याला माणूस यायच्या आधी हा हजर,” असं ते फोनवर म्हणाले. आवाजात राग होता, पण थोडा आदरही.

लव्हाळ्याच्या मागोमाग हरळी. होम यांच्या क्रमवारीत दुसरी. आणि इथंच आमच्याकडचं गणित चुकतं, कारण जगातलं दोन नंबरचं तण ते आमच्या गणपतीचं एक नंबरचं आवडतं. दूर्वा म्हणून तिची एकवीसची जुडी देवाला वाहायची आणि हरळी म्हणून तिची मुळी शोधत कंबर मोडून घ्यायची, हे दोन्ही उद्योग एकाच घरात, कधीकधी एकाच सकाळी चालतात. सांगलीत तर पटवर्धनांचा गणपती गावाचा मालकच. तिथं हरळीविरुद्ध उघड बोलणंही कठीण.

आमच्याकडं भांगलायला येणाऱ्या मावशी या प्रश्नावर ठाम आहेत. शेतातली भांगलण करून हात बसलेला. खुरपं असं फिरतं की लॉनचं पातं हलत नाही आणि केना, घोळ, रानमाठ गपकन हातात. यातली घोळ त्या पदराच्या ओट्यात वेगळी टाकतात, भाजीला. हरळीपाशी आल्या की मात्र खुरपं थांबतं.

“ही न्हाई काढायची. गणपती चार दिसांवर आलाय.”

“मावशी, तीच काढायला तर बोलावलंय.”

“मग गणपती झाल्यावं बोलवा.”

गणपती होतात, पितृपक्ष येतो, मग ऊसतोडीच्या आधीची शेतातली कामं निघतात आणि मावशी भेटत नाहीत. हरळी या काळात प्रत्येक पेऱ्याला मूळ सोडत पायरीपर्यंत येते. चतुर्थीच्या सकाळी गल्लीतली मंडळी परडी घेऊन दारात उभी असतात, “तुमच्याकडं दूर्वा छान आहेत हो” म्हणतात. मेक्सिकनचं कौतुक आजवर एकानंही केलेलं नाही.

शेवटी मी कृषी सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, “काका, किती एकर?” सहाशे चौरस फूट म्हटल्यावर त्यानं दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांकडं पाहिलं. त्यांनीही माझ्याकडं पाहिलं. उसातल्या लव्हाळ्यावर इकडं हॅलोसल्फ्युरॉन मारतात, एकराला ३६ ग्रॅम. त्यानं कॅल्क्युलेटर काढला. माझ्या वाट्याला अर्धा ग्रॅम आला. “अर्धा ग्रॅम मोजायचा कसा?” तर म्हणाला, “सोनाराकडं जावा.” हरळीसाठी तर त्याच्याकडं उत्तरच नव्हतं. लव्हाळा वेगळ्या कुळातला, म्हणून त्याला निवडून मारता येतं. हरळी आणि लॉन दोन्ही गवतंच. एकीला मारणारं औषध दुसरीलाही ओळखतं. ग्लायफोसेट सरसकट सगळंच जाळतं, शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरायचं असा आदेश केंद्रानं काढला. साडूंनी पुरानंतर पुन्हा तेच लॉन लावलं, त्यामुळं त्यांच्याकडं तर आणखी पेच. सिलेक्शन नंबर वन ही मुळात हरळीचीच बारीक पानाची, निवडून काढलेली जात. म्हणजे विकतची हरळी जगवायची आणि फुकटची मारायची.

दुकानात बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मग हरळीचा जुना इलाज सांगितला. उन्हाळ्यात खोल नांगरट, ढेकळं उलटी करून वैशाखभर तापवायची, मुळ्या वेचून जाळायच्या. बंगल्याच्या दारात हे कसं जमावं? पण ऐकताना मला किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आठवला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी निवडुंगानं भरलेला माळ दिला आणि १९१० साली त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज साताऱ्यात, वाडी सांगलीत. लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी आधी नांगराला हात लावेनात, पण पुढं खोल जाणारा नांगर घरोघर आला. निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारणारी माणसं जिथली, तिथले आम्ही पायरीपुढच्या गवतापुढं हात टेकतो.

गाजरगवताचं नाव काढायलाच हवं, नाहीतर त्याला वाईट वाटेल. पुण्यात १९५०च्या दशकात नोंदलं गेलं, अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं लोक म्हणतात, आणि ‘काँग्रेस’ हे नाव मिळवून प्रत्येक निवडणुकीत विनोदाला उपयोगी पडतं. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ साली बंगळुरूजवळ सोडला. तो आमच्या कुंपणाबाहेरच्या गाजरगवतावर पावसाळ्यात दिसतो. आमच्या मेक्सिकन लॉनशी त्यानं गाववाला म्हणून कधी ओळख दाखवलेली नाही.

सप्टेंबरात घरच्या गवताला कंटाळून आम्ही कासला जातो. सड्याच्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यात तेरडा, सोनकी, गेंद, सीतेचे आसू. २०१२ साली सह्याद्री जागतिक वारशात गेला, त्यात कासही आलं, गर्दी वाढली आणि पठाराला लोखंडी जाळीचं कुंपण पडलं. माणसं आवरली, पण गुरंही बाहेर राहिली. मग काही वर्षांनी गावकरी सांगू लागले की गवत माजतंय, फुलं मागं पडतायत. गुरं चरत होती, तुडवत होती, शेण टाकत होती, म्हणून छोट्या फुलांना उजेड मिळत होता. अखेर जाळी काढली. मला हे फार पटलं. यवतेश्वरचा घाट उतरता उतरता मी बायकोला म्हटलं, आपणही फाटक उघडं टाकून एखादी म्हैस आत सोडावी. तिनं विचारलं, दूध कोण काढणार?

साडूंनी यंदा निकाल लावला. लॉन उकरलं, मुरूम टाकला, वर जाड प्लास्टिकचा कागद आणि पेव्हिंग ब्लॉक. श्रावण लागायच्या आत ब्लॉकच्या फटींतून टोकदार हिरव्या सुया वर आल्या. भाजीवाल्या शेतकऱ्यांना हे ठाऊक होतं. त्यांच्या मल्चिंग पेपरला लव्हाळाच भोकं पाडतो. मग साडू मला घेऊन मिरज रस्त्यावरच्या दुकानात गेले. तिथं प्लास्टिकचं लॉन मिळतं, तेही चौरस फुटावरच. दुकानदारानं गुंडाळी उलगडून दाखवली, पाणी नको, कापणी नको, ऊन लागून रंग उडणार नाही, पाच वर्षं गॅरंटी.

साडूंनी अंगठ्यानं मागची बाजू दाबून बघितली. “खालून लव्हाळा आला तर?”

दुकानदार हरिपूरचा निघाला, घरची शेती असलेला. त्यानं गुंडाळी परत गुंडाळायला घेतली. “त्याची न्हाई गॅरंटी,” म्हणाला.