मांडवीवरची बॅटरी

रत्नागिरीच्या माणसाला क्रूझने गोव्याला जायचं असेल, तर त्याला आधी गोव्याकडे पाठ करावी लागते. आमच्या भिशीतल्या आठ जणींनी ती केली. मडगाव आमच्या स्टेशनापासून चार-पाच तासांवर. आम्ही मांडवी एक्सप्रेसमध्ये बसलो त्या मुंबईकडे तोंड करून. रात्री डोंबिवलीला नणंदेकडे मुक्काम, जेवणाबरोबर तिचे टोमणे, दुसऱ्या दिवशी दोन टॅक्स्या करून बॅलार्ड पिअर. तिथून संध्याकाळी बोट सुटणार आणि मध्यरात्रीनंतर कधीतरी आमच्याच गावावरून, न थांबता, मुरगावला जाणार. “म्हणजे पैसे मोजून स्वतःच्या दारावरून जायचं आणि आत शिरायचं नाही,” असा ह्यांनी सहलीचा गोषवारा काढला होता. तेव्हा तो मला खवचट वाटला.

वेड लागलं ते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका व्हिडिओने. ‘आयकॉन ऑफ द सीज’. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेलं जहाज. लांबी ३६५ मीटर, मजले २०, पोहण्याचे तलाव ७, वर पाण्याच्या घसरगुंड्या, गच्च भरलं तर साडेसात हजार प्रवासी आणि त्यांची सरबराई करायला दोन हजारांवर माणसं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची वस्ती सुमारे ७६ हजार होती. म्हणजे एका बोटीत गावाचा दहावा हिस्सा, आणि मे महिन्यात टँकरची वाट बघणं नाही! मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका असल्यामुळे लगेच सरसावले. ‘टायटॅनिक’ ४६ हजार टनांची होती, ही जवळजवळ अडीच लाखांची. पण हे ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप, वगैरे. सगळ्यांनी वर्गातल्या मुलांइतक्याच एकाग्रतेने ऐकलं आणि मग आमच्यातल्या सर्वांत वडील काकूंनी विचारलं, “स्वयंपाक करावा लागत नाही ना?” नाही म्हटल्यावर ठराव मंजूर झाला. मायामी काही आमच्या भिशीत बसणारं नव्हतं. मुंबई-गोवा बसलं.

बोटीच्या बाबतीत मी स्वतःला जाणकार समजत होते, त्याला कारण होतं. लहानपणी मी चौगुल्यांच्या बोटीने वडिलांबरोबर मुंबईला गेलेली आहे. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं आमच्या पिढीला पाठ आहेत. बोट रत्नागिरीला धक्क्याला लागायची नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. आपण पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. पडाव वर-खाली, बोट वर-खाली, आणि दोघांची गाठ पडेल त्या क्षणी खलाशी पोराला दंडाला धरून दारातून आत भिरकावी. मला भिरकावलेलं मला आठवतं. आत डेकवर ट्रंका, वळकट्या, फणस, कोंबड्या, आणि आजूबाजूला ज्यांना बोट लागली आहे अशी माणसं. त्यांच्याकडे बघून ज्यांना अजून लागलेली नाही त्यांनाही लागे. पावसाळ्यात ती सेवा बंद. पण एरवी कोकणातलं जवळजवळ प्रत्येक बंदर घेत ती जायची. एका पेटीसाठी आणि एका म्हातारीसाठीसुद्धा थांबायची.

तेव्हा मी पूर्ण तयारीनिशी निघाले. आवळासुपारी, लिंबं, आल्याच्या वड्या, गोळ्यांची पट्टी, प्लास्टिकच्या पिशव्या. सगळ्या जणींना रेल्वेत व्याख्यान दिलं की बोट हलायला लागली की नजर क्षितिजावर ठेवायची, पोट रिकामं ठेवायचं नाही, आणि घाबरायचं नाही, मी आहे.

बोट हललीच नाही. हल्लीच्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही कुशींना पंख असतात, ते लाटेप्रमाणे आपोआप फिरतात आणि डोलणं मारून टाकतात. सुटली कधी तेही मला कळलं नाही, मी “अजून का सोडत नाहीत?” अशी चौकशी करत होते तेव्हा गेटवे मागे पडला होता. आल्याच्या वड्या मीच खाल्ल्या.

आमच्या खोल्या ‘इनसाइड’ होत्या, म्हणजे सर्वांत स्वस्त, म्हणजे बिनखिडकीच्या. दिवा मालवला की मिट्ट काळोख. दुपार की पहाट ते मोबाइलला विचारावं लागतं. सावरकरांनी १९१० साली मार्सेलिसला ‘मोरिया’ बोटीतून उडी मारली ती पोर्टहोलमधून. कैद्याला जे भोक मिळालं तेवढंही आमच्या तिकिटात नव्हतं. तसा आमच्या गावाचा आणि मोठ्या बोटींचा संबंध कैद्यांपुरताच असावा. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ मध्ये समुद्रमार्गे रत्नागिरीला आला तो कैदी म्हणून, आणि १९१६ मध्ये इथेच वारला. सावरकरही पुढे स्थानबद्ध म्हणून आमच्याकडेच होते. स्वखुशीने, हप्ते भरून कोंडून घेणाऱ्या पहिल्या आम्हीच असू.

खोली सापडणं हे निराळं प्रकरण. मजले अकरा, प्रत्येक मजल्यावर दोन लांबलचक बोळ, दोन्ही सारखे, गालिचा सारखा, दिवे सारखे. जेवून परतताना माझं कार्ड दाराला लागेना. मी ते पदराला पुसलं, उलटं केलं, फुंकर मारली, शेवटी दार ठोठावलं. आतून बनियनवरचे एक गुजराती गृहस्थ आले. मी त्यांना म्हटलं, “तुम्ही माझ्या खोलीत काय करताय?” माणूस इतका सभ्य की त्याने आधी मागे वळून खोली नीट बघितली, मग नंबर बघितला, मग मला मजल्याचा आकडा दाखवला. मी एक मजला वर होते. रात्रभरात दोनदा त्यांची भेट झाली, बोळात, आणि दोन्ही वेळा ते मला बघून आपल्या दाराशी जाऊन उभे राहिले.

कौतुक करण्यासारखं नव्हतं असं म्हणणार नाही. काकूंचे गुडघे गेलेले. त्यांना एसटीची पायरी चढवायला दोघी लागतात. इथे लिफ्टने सगळीकडे, आणि ज्या हॉटेलात झोपलं ते हॉटेलच आपल्याला गावाला नेतं, सामान बांधणं-सोडणं नाही. बुफेत त्यांनी जिलबी, पास्ता आणि डोसा एकाच बशीत घेतला आणि म्हणाल्या, “चाळीस वर्षांत माझं जेवण मी कधी गरम खाल्लं नव्हतं.” आम्ही खोलीत नसताना कोणीतरी येऊन टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवला होता. सगळ्यांना तो इतका आवडला की कोणीच अंग पुसलं नाही.

फक्त समुद्र कुठे दिसेना. नाटकगृह, दुकानं, कॅसिनो, वर संगीत, कानात सूचना, तलावाभोवती खुर्च्यांची गर्दी. आणि पाणी असं लांब खाली की त्याचा वासही वर येत नाही. कठड्याशी उभं राहून खाली बघणारे आम्हीच काही जण. बाकीचे तलावाकडे तोंड करून बसलेले, अरबी समुद्राला पाठ देऊन.

आता बॅटरीचं सांगते. निघण्याआधी मी ह्यांना बजावून ठेवलं होतं: रात्री एक वाजता मांडवीच्या जेट्टीवर जायचं, मोठी बॅटरी समुद्राकडे धरून तीनदा लावायची, तीनदा विझवायची. मी वरून मोबाइलचा दिवा हलवीन. ह्यांनी कुरकुर केली, पण गेले. बिचारे एकटेही गेले नाहीत, शेजारचे दोन मुलगे गंमत म्हणून बरोबर.

मी एक वाजता सर्वांत वरच्या डेकवर, डाव्या बाजूला, कारण मुंबईहून दक्षिणेला जाताना किनारा डावीकडे असतो. भूगोल. वारा मरणाचा. मैत्रिणींना खोल्यांतून उठवून आणलेलं. आणि खरंच, लांब काळोखात एक दिवा लुकलुकला. मग दुसरा, मग दहा-बारा. मी मोबाइल नाचवायला लागले. “ते बघा हे! आणि तो रत्नदुर्गाचा दीपस्तंभ! ते भगवती बंदर!” पाच-पन्नास माणसं गोळा झाली. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. गुजराती गृहस्थही आले होते, जरा अंतर राखून.

खुर्च्या आवरणारा एक पोरगा माझं बोलणं ऐकून थांबला. बोलण्याच्या हेलावरूनच कळलं, राजिवड्याचा. “मावशी,” तो हळूच म्हणाला, “त्या एलईडीवाल्यांच्या होड्या आहेत. मासे मारतायत.”

“आणि रत्नागिरी?”

“रत्नागिरी तिकडेच आहे. पण दिसायची नाही. आपण लय बाहेरून चाललोय.”

बरीच वर्षं मी सहावीच्या वर्गात फळ्यावर समुद्राचा बाक काढला. पृथ्वी गोल आहे, म्हणून येणाऱ्या जहाजाचं आधी शीड दिसतं, मग बूड. तीस मीटर उंचावर उभं राहिलं तरी क्षितिज जेमतेम वीस किलोमीटरवर असतं. त्यापलीकडे पाण्यालगत धरलेली बॅटरी दिसायची तर ती पृथ्वी भेदून दिसायला हवी. हे न लिहिणाऱ्या पोरांचे मी मार्क कापलेले आहेत. त्यांतली निदान दोन पोरं माझ्या भिशीतल्या मैत्रिणींची होती, आणि ही गोष्ट त्यांनी तिथेच, वाऱ्यात, मला ऐकवली.

ह्यांना घरी जायला सांगावं तर मोबाइलला रेंज नाही. बोटीवरच्या वाय-फायचे वेगळे पैसे होते, ते मी वाचवले होते.

तिकडची हकिगत सकाळी कळली. शेखाडीला १९९३ मध्ये आरडीएक्स उतरलं, २००८ मध्ये समुद्रातून मुंबईवर हल्ला झाला. तेव्हापासून कोकणच्या किनाऱ्यावर मध्यरात्री समुद्राकडे खुणेचे दिवे दाखवणाऱ्याकडे कोणी कौतुकाने बघत नाही. गस्तीवरची गाडी आली.

“काका, कोणाला खुणा करताय?”

“बायकोला.”

“कुठे आहेत त्या?”

“समुद्रात.”

हवालदाराने टोपी काढली म्हणे. मग शेजारच्या पोरांनी खुलासा केला, तेव्हा परत घातली. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने ह्यांना घरापर्यंत सोडलं आणि वाटेत विचारलं, “तिकीट केवढ्याला पडतं?”

गोव्याचं फार सांगण्यासारखं नाही. जहाज लागतं मुरगावला. आम्ही उतरलो, बसमध्ये कोंबलो, एक देऊळ, एक चर्च, काजूचं एक दुकान, की परत. शेकडो माणसं एका वेळी उतरली की गाव गाव राहत नाही, हे मी काजूच्या रांगेत उभी राहून पाहिलं. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या क्रूझ बोटींना जुन्या शहरालगतच्या कालव्यात यायला बंदी केली ती काही उगीच नव्हे. रात्री बुफेत अर्ध्या भरलेल्या बशा गाडीवर रचून जाताना दिसल्या. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या बाहेर उरलंसुरलं अन्न समुद्रात सोडायला आंतरराष्ट्रीय नियमांची मुभा आहे. एवढा गाडा ओढायला इंधन किती लागत असेल ते निराळंच. जहाजांच्या तेलातलं गंधक २०२० पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं, तेवढाच दिलासा. मी हे सगळं काकूंना समजावत होते. त्या म्हणाल्या, “खरं आहे बाई,” आणि दुसरी जिलबी घेतली. मीही घेतली.

माझं मत विचाराल तर ही बोट नव्हेच. हे पाण्यावरचं चांगलं हॉटेल आहे, आणि हॉटेल म्हणून पैसे वसूल आहेत. कोकणातल्या एकाही लहान बंदरात तिला शिरता येणार नाही. तेवढं खोल पाणीच तिथे नाही, आणि एका म्हातारीसाठी थांबणं तिच्या हिशोबात बसत नाही. भिरकावून का होईना, मला आत घेणारी बोट समुद्रावरची होती.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. खिडकीच्या खोलीला जास्त पैसे पडतात, ते द्या. मजल्याचा आकडा हातावर लिहून ठेवा. वाय-फाय घ्या. आणि घरच्या माणसाला सांगा, रात्री दार लावून झोपा.