युरोपात संशोधकपद मिळविण्याचे नियम

प्रस्तुत लेखकाने आयुष्याची 31 वर्षे सरकारी कचेरीत अर्ज वाचण्यात व ते योग्य त्या कार्यवाहीस्तव अन्यत्र धाडण्यात घालविली असल्यामुळे, भाचीने जर्मनीत पीएच.डी. करण्याचा मनोदय प्रकट करताच तिचे मार्गदर्शकत्व त्याने, कोणी न सोपविता, स्वतःकडे घेतले. त्या अनुभवाचे सार होतकरूंच्या हितार्थ येथे देत आहे.

नियम पहिला : प्रवेश नव्हे, नोकरी शोधावी. जर्मनी, नेदरलंड्स, स्वीडन येथे पीएच.डी. करणारा बहुधा पगारी नोकर असतो आणि त्याच्या जागेची रीतसर जाहिरात निघते. नेदरलंड्समध्ये मुदत साधारणतः 4 वर्षांची. जर्मनीत वेतनश्रेणी तेरावी, पण नेमणूक पुष्कळदा अर्धी किंवा दोन-तृतीयांश. पगार अर्धा आणि काम पूर्ण, असा ‘अर्ध्या’ नेमणुकीचा रूढ अर्थ भाचीने सांगितला, तेव्हा परदेश मला एकदम ओळखीचा वाटू लागला.

नियम दुसरा : अधिवासाचा दाखला काढू नये. मारी क्युरी यांच्या नावे युरोपीय संघ ज्या जागा देतो, त्यांसाठी नेमणुकीआधीच्या 36 महिन्यांत उमेदवार नेमणुकीच्या देशात 12 महिन्यांहून अधिक राहिलेला नसावा लागतो. परकेपण हीच पात्रता! आमच्या तहसीलदारांना हे सांगितले. त्यांनी चहा मागविला.

नियम तिसरा : गुणांचा गर्व धरू नये. जर्मनीत 1 हा सर्वोत्तम आणि 4 हा जेमतेम उत्तीर्ण. रूपांतरासाठी शंभरातून आपले 70 वजा करावेत, उरलेल्या 30 ला 60 ने भागावे (उत्तीर्णतेची रेषा 40 धरून), तिनाने गुणावे, एक मिळवावा : अडीच. हा आकडा शेजारी सांगू नये.

नियम चौथा : पत्र. येथे मी माझे सर्व कसब पणास लावले. ‘सेवेशी सविनय सादर’पासून ‘आपल्या कृपाछत्राखाली’पर्यंत दोन पृष्ठांचा मसुदा मी इंग्रजीत उतरविला आणि तोच 40 प्राध्यापकांस धाडण्याची योजना आखली. भाचीने तो वाचून विचारले, “मामा, हा अर्ज आहे की शरणागती?” मग तिने एकाच प्राध्यापकाचा निबंध दोन रात्री वाचून त्यास पाच ओळी लिहिल्या : तुमच्या तिसऱ्या आकृतीत तळ्याच्या गाळाच्या दोन थरांमधली रेघ इतकी ठळक कशी, लोणारच्या गाळात मला ती पुसट दिसली. ना कृपा, ना छत्र. पाचव्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले, खाली नुसते पहिले नाव. एवढ्या मोठ्या माणसाच्या सहीला आडनावही नसावे, याचे मला अजून वाईट वाटते.

नियम पाचवा : उत्तर न आल्यास पंधरवड्याने एकदा स्मरण द्यावे. एकदाच.

नियम सहावा : शिफारसपत्र आमदाराचे नको, आपल्या हातून काचपात्र फुटताना ज्यांनी पाहिले, त्या शिक्षकांचे घ्यावे.

मार्गदर्शकास जर्मनीत ‘डॉक्टरफाटर’, म्हणजे डॉक्टर-पिता म्हणतात. मामासाठी शब्द आहे काय, हे तिने अद्याप कळविलेले नाही.

हल्ली मीही पाल्हाळ सोडला आहे. पाणीपुरवठा खात्यास गेल्या महिन्यात दोन ओळी लिहिल्या. प्रश्न एकच : पाचचे पाणी साडेसहाला का? उत्तर नाही. नियम पाचव्यान्वये स्मरण दिले आहे. एकदाच.