घरातल्या धुरास अनावृत पत्र

राजमान्य राजश्री धूरराव घरकोंडे यांसी, सोसायटीतील समस्त फ्लॅटधारकांचे कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

धूररावांच्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे दिल्लीच्या हवेतल्या धुराचा, दर हिवाळ्यात मोठा बोलबाला होतो. त्यांचा एक्यूआय पेपरात छापून येतो, त्यांच्यापायी शाळा बंद राहतात, न्यायालयात तारखा पडतात. धाकटे धूरराव मात्र स्वयंपाकघर, देवघर आणि बेडरूम सांभाळून उपेक्षितच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात चुलीच्या आणि रॉकेलच्या घरगुती धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. एवढी कामगिरी करून साधा सत्कार नाही!

त्याची भरपाई म्हणून रहिवाशांनी आपल्या परीने सोय केली आहे. समोरच्या बांधकामाची धूळ नको म्हणून सरकत्या खिडक्या दिवसभर बंद असतात. बाहेरचे आत येत नाही आणि आतले बाहेर जात नाही. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला होता. धूर किती निघाला यापेक्षा तो कुठे निघाला, हे बघा, असे त्यांचे पुढे सांगणे असे. घरात सुटलेला कण छातीत पोचण्याची शक्यता बाहेर सुटलेल्या कणाच्या साधारण हजारपट. धूररावांनी पत्ता अचूक निवडला, हे मान्य करावेच लागेल.

पाहुण्याने सिगारेट काढली, तर त्याला गच्चीचा रस्ता दाखवणाऱ्या घरातच रात्री पलंगाखाली डासांची कॉइल लागते. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. पाहुणा बिचारा एकच ओढणार होता.

पण धूररावांचा खरा मान बाळंतिणीच्या खोलीत. दार लावलेले, पंखा बंद, खिडकीच्या फटीत चादर खोचलेली. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा, वेखंड, ऊद यांची धुरी आणि तिच्यावर धरलेले न्हाऊ घातलेले बाळ. बाळ खोकले की आजी म्हणतात, कफ सुटतोय. आजींच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांच्या काळी ही धुरी कौलांच्या फटींतून निघून तरी जाई. स्लॅबच्या खोलीत तिला वाट नाही. त्यात बाळाचा श्वास मोठ्या माणसाहून कितीतरी जलद आणि फुप्फुसे अजून वाढत असलेली. ऊब हवी, तर दुपटे आणि आईची कूस आहेच. पण मग धूररावांना बारशाचे आमंत्रण कसे मिळणार?

स्वयंपाकघरात चिमणी बसवली आहे, पण ती फोडणीचा ठसका लागल्यावर सुरू होते. गॅसच्या निळ्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साईड निघतो आणि दमेकऱ्यांना तो बाधतो, हे चहा ठेवताना कुणाच्या ध्यानीमनी नसते. काही चिमण्यांना तर बाहेर नेणारा पाइपच नसतो. त्या तेलकट वाफ थोडीफार गाळून तीच हवा घरात परत सोडतात.

शुद्ध हवेसाठी हॉलमध्ये स्नेक प्लँट ठेवले आहे. नासाने १९८९ साली हवाबंद पेटीत केलेल्या प्रयोगाची ही पुण्याई. नुसत्या उघड्या खिडकीची बरोबरी करायची, तर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील, असा हिशेब अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला. तेवढ्या ठेवल्यावर माणसांनी कुठे राहायचे, ते कळलेले नाही.

एक फितुरीची वार्ताही कळवणे भाग आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी कॉइल बंद करून खिडक्यांना जाळ्या आणि पलंगाला मच्छरदाणी लावली. शेगडी पेटवण्याआधी त्या एक्झॉस्ट सुरू करतात आणि स्वयंपाक झाल्यावरही तो थोडा वेळ चालू ठेवतात. देवापुढे आता फुले असतात. उदबत्ती सणावारी एखादी, तीही गॅलरीचे दार उघडून. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या त्यांनी काढून टाकल्या, कारण नॅप्थलीनची वाफ तान्ह्या बाळाच्या रक्ताला घातक ठरू शकते. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मच्छरदाणी खोचली.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

ता. क. : धूररावांचे नातलग कार्बन मोनॉक्साईड यांना या पत्राची प्रत पाठवलेली नाही. त्यांना ना रंग ना वास, त्यामुळे ते आल्याचे कळतच नाही. त्यांच्याशी थट्टा नको. बंद खोलीतली निखाऱ्यांची शेगडी आणि कोंदट न्हाणीघरातला गॅस गीझर ही त्यांची ठिकाणे. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्यावा, आणि आंघोळीला गेलेल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही, तर दार लगेच तोडावे.