समई आहे, गिझरचं बटण कुठाय?

कोकणातल्या होमस्टेत परदेशी पाहुणा उतरला की दारात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू, हातात कोकम सरबत, कोपऱ्यात पितळी समई आणि भिंतीवर वारली चित्र, अशी अख्खी संस्कृती त्याच्या अंगावर घातली जाते. वारली डहाणूकडची, मालवणची नव्हे; पण एवढा भूगोल पाहुण्याला कोण शिकवणार! मग तो न्हाणीघरात शिरतो आणि नळाला गारच पाणी येतं. कारण गिझरचं बटण बाहेर, पलंगामागे, पंखा-दिव्यांच्या ओळीत निनावी बसलेलं असतं. कागदाचा रोल नाही. बादली, मग आणि भिंतीवरचा जेट आहे, तो कसा वापरायचा ते त्याचं त्यानं ओळखायचं. ब्रिटिश असेल तर त्याच्या चार्जरच्या चौकोनी पिना आपल्या गोल भोकांत जात नाहीत.

यावर मालकांचं ठरलेलं उत्तर: ‘वेगळं अनुभवायलाच येतात ना?’ येतात, पण ते वेगळेपण त्यांना सोलकढीत आणि तिरफळ घातलेल्या बांगड्यात हवं असतं, संडासात नव्हे. आपली मंडळी तरी युरोपात काय करतात? बॅगेतून प्लास्टिकचा मग नेतात, नाहीतर रिकाम्या बाटलीवर भागवतात. तिथला कागद कुणी संस्कृतीदर्शन म्हणून गोड मानून घेत नाही. राहिला खर्च. रोल, अडॅप्टर आणि बटणाखाली चिकटवायची चिठ्ठी मिळून त्या पितळी समईच्या निम्म्यातही येतील. शिवाय चिठ्ठी मराठीतही लिहावी. पुण्याचा पाहुणाही गार पाण्यानं कुडकुडत आंघोळ उरकतो आणि अभिप्रायाच्या वहीत ‘घरगुती वातावरण’ असं लिहून जातो.