कामट्यांचा आर्किमिडीज

दर दिवाळीला चोवीस कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे, ते टोकाला टोक जोडून आकाशकंदील करायचा आणि ओटीवर टांगून येणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं, हा माझा छंद. कुणी "छान झालाय" म्हटलं, की माझं सुरू: "कोपरे १२, कडा २४, पृष्ठभाग १४. बारातून चोवीस वजा करा, चौदा मिळवा. दोन! ऑयलरचं सूत्र!" चिवडा अर्धा टाकून पाहुणे उठतात. आर्किमिडीजच्या तेरा घनाकृतींपैकी ही एक, हे मी त्यांना फाटकापर्यंत जाऊन सांगतो. सुरगाण्यात बांबू मुबलक आहे, श्रोते नाहीत.

खरं कसब मात्र खळीत. मैदा गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायचा. मग चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं पतंगी कागदाचा फराळ करतात. मोरचुदाचं पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात दिसता कामा नये, हे आमच्या घरात सिद्धतेशिवाय मान्य झालेलं एकमेव गृहीतक. खळ आटली की मला उगाच वाईट वाटतं. असो.

कागद लागेपर्यंत सांगाडा डुगडुगतो. चौकोनाचा स्वभावच तो. त्रिकोण हलत नाही, म्हणून तर घराची कैची त्रिकोणी. यंदा मी सांगाड्यावर खेकसत होतो, तेव्हा शेजारच्या पोराने तो उचलला, त्रिकोणावर उभा केला आणि वरून अलगद दाबत पिळला. चौकोन दुमडले, सगळा सांगाडा फिरत आत आला. "गुरुजी, गोल होतंय!" दुमडलेल्या प्रत्येक चौकोनात तेवढ्याच लांबीची एक कामटी आडवी बसली. चोवीस आणि सहा तीस, त्रिकोण वीस! प्लेटोच्या पाच घनांतला वीस तोंडांचा. बकमिन्स्टर फुलर यांनी १९४८च्या सुमारास याच पिळण्याला 'जिटरबग' हे एका नाचाचं नाव दिलं. मी ते पुस्तकात वाचलं होतं. पोराच्या ते हातात होतं.

या पोराला शाळेत 'भूमितीत कच्चा' म्हणतात. बाप टोपल्या विणतो, हा कोयत्याने कामटी कागदाइतकी पातळ काढतो. पण वहीत काटकोन जरा कलला की लाल रेघ. अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबच्या तुकड्यांतून भूमिती पोरांच्या हातात दिली, त्यालाही किती वर्षं झाली! तरी आमची भूमिती कंपासपेटीबाहेर येत नाही. संताप येतो.

बल्बची वेळ आली तेव्हा होल्डर आत जाईना. पोराने तळाची एक कामटी सोडवली. कडा २९, दोन त्रिकोणांचं मिळून एकच भोक, म्हणून पृष्ठभाग १९. बारातून एकोणतीस वजा, एकोणीस मिळवा: तरी दोनच! मी हे ओरडून सांगितलं.

"होय गुरुजी," तो म्हणाला, "आता स्टूल धरा."